तालिसायचं साकडं

तालिसाय, १० एप्रिल १९८९

चि. रोडेल यास तिबुर्सियोमामाचे अनेक आशीर्वाद.

आपल्या एवढ्याशा कॉलेजातून तू थेट मनिलाच्या सार्डिन माशांचे डबे विकणाऱ्या कंपनीच्या बास्केटबॉल संघात गेलास, तेव्हा मीच गावभर मिरवणूक काढली होती. आता पस्तावतोय. आपल्या सान इसिद्रो संताच्या सणाच्या स्पर्धेत व्यावसायिक खेळाडू चालत नाही, त्यामुळे शेजारचे लुंबांगवाले दर मे महिन्यात आपल्याला धूळ चारतात आणि बक्षिसाचं डुक्कर माझ्याच दारावरून वाजतगाजत नेतात. टीव्हीवर तू बाकावरून खेळणाऱ्यांना नुसता टॉवेल देताना दिसतोस. छान देतोस, नाही म्हणत नाही. पण तेवढ्यासाठी गावाने किती सोसायचं? सणाआधी तुला काढून टाकतील असं काहीतरी कर. गाव सान इसिद्रोला साकडं घालतंच आहे. तुझी आई मात्र ऐकते आणि मासे साफ करत बसते.

लोभ आहेच, जिंकलो तर वाढेल.

तुझा मामा


मनिला, २० एप्रिल

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

हसावं की रडावं कळेना. काढून टाकतील या धास्तीने मी रोज सगळ्यांच्या आधी सरावाला जातो, आणि तुम्ही तेच मागताय! शनिवारचा सामना शेवटचा समज, असं कोचने सांगितलंय. मला खेळायचंय हो मामा. एकदा तरी टॉवेल दुसऱ्याने मला द्यावा. आईला कळवू नका, तिचा जीव तुटेल.

रागावलात तरी लोभ राहू द्या.

तुमचा रोडेल


तालिसाय, २ मे

चि. रोडेल यास आशीर्वाद. आता कान पिळू की पाठ थोपटू?

शनिवारी अख्खं गाव टीव्हीपुढे. तुमचा तो उंच गडी पाय मुरगळून बसला, तुला आत सोडलं, आणि तू अर्ध्या मैदानातून चेंडू फेकलास. आम्ही टाळ्या पिटल्या, म्हटलं गेला कामातून! तो मेला चेंडू आत पडला. मागाहून आणखी पडले. वर नवा करार!

सान इसिद्रो असा फिरला कसा, म्हणून चौकशी केली. तर तू कायम व्यावसायिकच राहावास म्हणून लुंबांगवाल्यांनीही त्यालाच साकडं घातलेलं! आणि त्यांच्या चर्चमध्ये रोज पहिल्या बाकावर कोण? तुझी आई. जाब विचारला, तर म्हणाली, "इथं माझ्या लेकाचं वाईट मागत होते. जिथं भलं मागत होते तिथं गेले." मी गावाचा सरपंच, गावचं साकडं तिथेच थांबवलं.

सणाला ये. खेळता येणार नाही, पण टॉवेल देणं नियमात बसतं. डोळे पुसायला यंदा पहिला मलाच लागेल.

तुझा मामा