मोकळी माणसं

३ नोव्हेंबर
पुण्याहून आले आणि नागपूर लगेच आवडलं. बेसा भागात घर मिळालं. खाली तर्री-पोह्यांची गाडी आहे; पहिल्याच घासाला नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसरी प्लेट मागितली. विमा कंपनीच्या या कॉल सेंटरात समुपदेशक म्हणून मी पहिलीच. मॅनेजर सुमंतसरांनी माझ्या दारावर पाटी लावलीय, 'इथे मन मोकळं करा.' शब्द माझेच. मला भारी अभिमान वाटला.

७ नोव्हेंबर
इतके दिवस कुणी फिरकेना. या दारात दिसलं की वेडाचा शिक्का बसेल, ही भीती. आज संघपाल आला. वडील गेल्यापासून त्याला फोनवर बोलताबोलता रडू फुटतं. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बोलला. जाताना म्हणाला, "मॅडम, एकदम मोकळं वाटून राहिलं." मी खूश.

१२ नोव्हेंबर
संघपाल रडायचा थांबला. माझ्या दाराशी आता रांग असते. आज त्याची आई विसरलेला डबा घेऊन आली. त्यानं नम्रपणे विचारलं, "काकू, कोन पाहिजे तुमाले?" थट्टा समजून ती हसली. मग त्याच्याकडे नीट पाहिलं आणि माझा हात धरला, "बाई, माह्यं पोरगं कुठं हाय?"
तो समोरच उभा होता.

१४ नोव्हेंबर
बोलून गेलेले सगळे तसेच. कामात चूक नाही, घरी जायची घाई नाही. सरांना म्हटलं, हे थांबवा. ते म्हणाले, मोकळं करायलाच तर तुम्हाला आणलं. मोकळी खोली, मोकळी खुर्ची. रिकाम्यालाच आपण मोकळं म्हणतो, हे मला आधी सुचलं नाही. मी फार घाबरलेय.

१७ नोव्हेंबर
सरांनी आता सगळ्यांना सक्तीच केलीय. उद्या गार्गीची वेळ. इथली माझी एकुलती मैत्रीण. तिची तान्ही मुलगी उन्हाळ्यात गेली. "मले नाही मोकळं व्हायचं," म्हणाली, "मी रडून राहिली तोवर ते पोरगी माह्याजवळ हाय." आली नाही तर नोकरी जाईल, आणि घर तिच्यावरच चालतं. तिला बोलू देणार नाही, असा शब्द दिलाय.

१८ नोव्हेंबर
सर काचेतून बघत होते. कुणीतरी बोलायलाच हवं होतं— मीच बोलले. मोडलेलं लग्न, आईचं आजारपण— थांबता येईना— गार्गी तोंडावर हात दाबून बसलेली. ती वाचली. उद्याही मीच बोलेन. फक्त— आईचा चेहरा—

१९ नोव्हेंबर
छान झोप लागली. हलकं वाटतंय. मागचं लिहिलेलं वाचायचा कंटाळा आला.
बाहेर एक बाई बसलीय. रडतेय. माझ्याकडे बघून सारखी मान हलवते, नको, नको. बिचारी. हिला आत घेते. एकदा मन मोकळं केलं की—