सात नंबरची कॅसेट

अण्णा, तुमच्या लाकडी पट्टीचा आवाज अजून वाजतो आहे, आणि त्यावरून सध्या बरीच अनोळखी माणसं रोज एकमेकांची अक्कल काढताहेत. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. एवढ्या काळात तुम्हाला सांगण्यासारखं पुष्कळ घडलं, पण ते सगळं बाजूला ठेवून मी हेच लिहायला बसले आहे, कारण हे तुम्हाला सांगितल्याशिवाय पुढचं एक काम करायचं नाही, अशी मला अट घातली गेली आहे. अट कुणी घातली ते येईलच.

आपल्या बेंगळूरची एक रॅप मंडळी आहे. रॅप म्हणजे तुम्ही वर्गात डिक्टेशन द्यायचात ना, साधारण तेच, फक्त रागावून आणि यमकं जुळवून. पंचवीस वर्षांपूर्वी तिघा पोरांनी ती सुरू केली. कन्नडात गायचे, अडलं की इंग्रजीत जायचे आणि कॉलेजांच्या फाटकाबाहेर उभं राहून स्वतःच्या हातानं कॅसेट विकायचे. आता ते पन्नाशीकडं झुकलेत. उलटी टोपी अजून आहे, पण आता ती टक्कल झाकण्याच्या कामी येते. त्यांच्या चाहत्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. मी तिथं एका लेखापुरती शिरले होते. लोकांची चेष्टा करणं हाच माझा धंदा, हे तुम्हाला माहीत आहेच. तुमच्या हयातीत मी ती फुकट करायचे, आता वर्तमानपत्रात करते. पण चेष्टा करायला गेले आणि पुरती अडकले. सकाळी दात घासायच्या आधी ग्रुप बघते.

तिथं त्या तिघांना कुणी नावानं बोलवत नाही. मोठा, मधला आणि तिसरा. मोठा पुढं सिनेमाची गाणी लिहायला लागला, आणि त्याचे भक्त म्हणतात की मंडळीतली सगळी बुद्धी त्याची. मधला अजून मंडळीचं नाव चालवतो. त्याच्या भक्तांच्या मते सगळी निष्ठा त्याची. एक लिहितो, "तुझा मोठा आता टूथपेस्टच्या जाहिरातीत नाचतो, थू." लगेच उत्तर, "नाचतो तरी. तुझा मधला पंचवीस वर्षं तेच एक गाणं म्हणतोय, देवळातल्या घंटेसारखा." आणखी कुणी म्हणतो की नवी गाणी जिममध्ये वजन उचलायला बरी, ऐकायला नव्हेत. त्यावर एक पोरगी विचारते, "अंकल, तुम्ही शेवटचं वजन कधी उचललंत?" हे असं दिवसभर चालतं. आमच्या साहित्यसंमेलनांपेक्षा पातळी बरी आहे, निदान ह्यांनी एकमेकांचं ऐकलेलं तरी असतं.

सगळ्यात मोठं भांडण पहिल्या कॅसेटच्या पहिल्या गाण्यावर आहे. त्या गाण्याला ढोल नाही, तबला नाही. खाली सतत एक खडखडाट आहे, शंभर पायांचा प्राणी पत्र्यावरून शिस्तीत चालत जावा तसा, मध्ये एक किणकिण, आणि ह्या सगळ्याला धरून ठेवणारा एक कोरडा ठोका. जाणकार म्हणतात की आपल्या गावात असं पहिल्यांदाच झालं. मग ते केलं कुणी? मोठ्याचे लोक म्हणतात मोठ्यानं, कम्प्युटरवर. मधल्याचे लोक म्हणतात मधल्यानं, परदेशी मशीन आणून. कोरमंगलाच्या एका इंजिनिअरनं तर त्या आवाजाचा आलेख काढून ग्रुपवर टाकला आणि सिद्ध केलं की हा ठोका माणसाच्या हातचा असूच शकत नाही, इतका तो नेमका आहे. तुम्ही हे वाचायला हवं होतं अण्णा. तुमच्या पट्टीला आयुष्यात मिळालेलं हे एकमेव प्रमाणपत्र.

एका गोष्टीवर मात्र दोन्ही पक्षांचं एकमत आहे. तिसऱ्यानं काहीच केलं नाही. पहिली कॅसेट निघाली आणि तो पळाला. "स्टेजवर पाण्याची बाटली धरायला होता," असं एकानं लिहिलं आणि त्याला खूप अंगठे मिळाले. आता पंचवीस वर्षांचा कार्यक्रम आहे, आणि तिसऱ्याला स्टेजवर बोलवायचं की नाही हे आयोजकांनी चाहत्यांवर सोडलंय. ग्रुपवर मतदान चालू आहे. रविवारपर्यंत.

हा तिसरा तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या संध्याकाळच्या बॅचचा, के. आर. पुरमहून दोन बस बदलून यायचा तो.

बनशंकरीचं तुमचं ते टायपिंग इन्स्टिट्यूट मला अजून वासानं आठवतं. खाली मिरचीची गिरणी, त्यामुळं वर शिकणारा प्रत्येक जण आधी शिंकायचा आणि मग टाइप करायचा. लांब टेबलांवर मशीनं, आणि प्रत्येक मशीनच्या अक्षरांवर तुम्ही पुठ्ठ्याचं झाकण केलेलं, म्हणजे कुणी बोटांकडं बघायला नको. तुम्ही मध्ये उभे. पट्टी टेबलावर आपटता आणि सगळी बॅच एका ठोक्याला एक अक्षर मारते. ए, एस, डी, एफ. ओळ संपली की सगळ्या घंट्या एकदम. कुणी पुढं गेलं की तुमची पाठ असली तरी तुम्हाला कळतं. "खिडकीजवळचं मशीन, गाडी पकडायचीय काय? सरी, चला, पुन्हा." मी दारापाशी हजेरीपट आणि कपाटाच्या किल्ल्या सांभाळत बसलेली, कॉलेजची पुस्तकं मांडीवर. आणि तो पोरगा पहिल्या रांगेत, तुमच्या ठोक्याखाली ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटतोय. तुम्हाला वाटायचं तो अक्षरं म्हणतोय. तुमचा लाडका होता. "ह्याच्या बोटात ताल आहे," असं तुम्ही घरी जेवताना सांगितलंत, आणि आमच्यापैकी कुणाच्या बोटांबद्दल तुम्ही कधी काही बोलला नव्हता, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं.

तो पुटपुटायचा ती गाणी होती. मला एकदा जिन्यात म्हणून दाखवली. वाजवायला काही नाही म्हणाला, सारांच्या, म्हणजे तुमच्या, वर्गाचा आवाज मिळाला तर पुरे. कल्पना त्याची. टेपरेकॉर्डर आपला, तो डिक्टेशनचा. आणि बटण दाबलं मी. कपाटातून एक कॅसेट काढली. तुमच्या कॅसेटवर तुम्ही फक्त नंबर टाइप करून चिकटवायचात, आणि कुठल्या नंबरात काय आहे ते रजिस्टरमध्ये असायचं. रजिस्टर कपाटावर होतं, हात पुरायला स्टूल घ्यावं लागलं असतं. मी घेतलं नाही. सात नंबर उचलली, हजेरीच्या टेबलाखाली टेप लावला, आणि अर्धा तास तुमची बॅच भरून घेतली. दोन दिवसांत त्यानं दुसऱ्या कॅसेटवर ती उतरवून घेतली आणि मी सात नंबर जागेवर ठेवून दिली. तिच्यात आधी काय होतं ह्याचा विचारही केला नाही.

त्यात तुम्ही होता, बाकीच्या नंबरांत विकतचे उतारे. परीक्षेचे उतारे, ठरलेल्या वेगानं, तुमच्या त्या इस्त्री केलेल्या इंग्रजीत, आठ-दहा रविवार बसून बोललेले. पुढच्या आठवड्यात तुम्ही बॅचला म्हणालात, "आता परीक्षेच्या वेगानं," टेप लावला, आणि आतून तुमचीच पट्टी वाजायला लागली. पोरं टेपच्या ठोक्यावर टाइप करू लागली, शिस्त एवढी. कोण हसलं ते आठवत नाही. तुम्ही टेप बंद केलात. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मीच सार." मी हजेरीपटात डोकं घालून बसले. तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही ओरडला असतात तर सगळंच दहा मिनिटांत मिटलं असतं. तुम्ही पट्टी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "कपाटाला हात लावणाऱ्याला मी शिकवत नाही. उद्यापासून येऊ नको."

परीक्षेचे अर्ज इन्स्टिट्यूटमार्फत जायचे, त्यातून त्याचं नाव गेलं. सर्टिफिकेट मिळताच त्याचे मामा त्याला एका ऑफिसात लावून घेणार होते. त्या खेपेचं सर्टिफिकेट हुकलं, ती जागा भरली गेली, आणि त्याला गोदामात संध्याकाळची पाळी धरावी लागली. कार्यक्रम संध्याकाळीच असतात. पळाला म्हणतात तो असा पळाला.

तुम्ही ते गाणं एकदा ऐकलंत. मार्केटसमोर एका रिक्षात वाजत होतं. तुम्ही भाजीची पिशवी धरून थांबलात, बोटं पिशवीवर चालू लागली, आणि गाणं पुढं गेल्यावर म्हणालात, "चौथ्या ओळीत शेवटचं मशीन मागं पडलंय." एवढंच. मला त्या रस्त्यावर सांगता आलं असतं. मी म्हटलं, कोथिंबीर राहिली.

तर आत्ता. पाण्याच्या बाटलीचं ते वाक्य वाचून मी ग्रुपवर खोट्या नावानं लिहिलं की तो खडखडाट टायपिंगच्या वर्गाचा आहे, कल्पना तिसऱ्याची आहे. पहिलं उत्तर, "अक्का, पुरावा?" दुसरं, "तुम्ही त्याच्या मिसेस काय?" इंजिनिअरनं आलेख पुन्हा टाकला. मग मी चिडून के. आर. पुरमला गेले. त्याचं स्टेशनजवळ दुकान आहे, लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो. समोर एक म्हातारी बसलेली. मला बघून त्यानं ओळखलं, आणि बोटं चालूच ठेवून माझ्याशी बोलायला लागला. कीबोर्डकडं एकदाही बघितलं नाही. तो कन्नडात बोलला, मी आपल्या भाषेत लिहिते.

"बसा अक्का. स्वल्प थांबा, आजींचं पेन्शन अडकलंय."

आजी गेल्यावर मी विचारलं, "तू स्वतः का सांगत नाहीस त्या लोकांना?"

"काय सांगू? मी पण होतो म्हणून? माझ्या मुलीलाच पटत नाही. ती मोठ्याची फॅन आहे."

"आणि स्टेजवर जायचंय का?"

त्यानं प्रिंटरचा कागद नीट केला. "एकदा," म्हणाला. "ते गाणं मी लोकांसमोर उभं राहून कधी म्हटलंच नाही ना."

"मग मी सांगते. माझ्या खऱ्या नावानं. टेप मी लावला, शिक्षा तुला झाली, आणि मी गप्प बसले."

"गप्प बसलात," तो म्हणाला, आणि हसला. मग, "सारना सांगितलंत कधी?"

"नाही."

"मग आधी तिथं सांगा. हे ग्रुपवाले मला बिनकामाचा म्हणतात, म्हणू दे. सार मला चोर समजून गेले."

"अण्णा आता कुठं भेटणार?"

"ते तुम्ही लिहिणाऱ्यांनी बघावं. मी रोज लोकांना हेच सांगतो अक्का. अर्ज आधी योग्य खात्यात करा, नाहीतर फिरून परत येतो."

तेव्हा हा तो अर्ज. कॅसेटला हात मी लावला. त्याच्याकडून कपाटाची काडीही हलली नव्हती. उताऱ्यांवर पट्टी मीच भरली, आणि आज तुमचा आवाज कुठंच नाही. माझ्या लग्नाच्या व्हिडिओतसुद्धा तुम्ही हात जोडून गप्प उभे आहात. हे इतकं सरळ आहे की दोन ओळींत मावतं, आणि मी त्याला पंचवीस वर्षं लावली. दुसऱ्या कुणी लावली असती तर मी त्याच्यावर झकास लेख लिहिला असता.

पण तो हसला तेव्हा त्याला काय आठवत होतं, हे मला माहीत आहे. मी गप्प बसले नव्हते अण्णा. टेप बंद करून तुम्ही आधी माझ्याकडं वळलात, किल्ल्या माझ्याकडं असायच्या म्हणून. तुमचा प्रश्न पुरा व्हायच्या आत मी पहिल्या रांगेकडं बोट दाखवलं. तो उभा राहिला ते त्यानंतर. मला बघून, एक क्षण थांबून, मग "मीच सार."

ग्रुपवर टाकायला चार ओळी लिहून ठेवल्या आहेत, माझ्या नावासकट. रविवारच्या आत टाकायच्या आहेत. त्यात टेप आहे, कपाट आहे, तुमची पट्टी आहे, त्याची हुकलेली परीक्षा आहे. बोट दाखवल्याचं वाक्य मी आत्तापर्यंत तीनदा लिहिलं आणि तीनदा काढलं. ह्या घटकेला ते त्यात नाही.