पोडावरच्या गाण्यांच्या नकला

बाबा, तुमच्या कॅसेटींचं पुढं काय झालं, ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं.

मारेगावजवळच्या कोलाम आदिवासींच्या पोडावर, त्या लहानशा वस्तीत, तुम्ही मास्तर होतात आणि शाळा सुटली की म्हाताऱ्या बायांची गाणी टेप करायचात. त्यातल्या एका कॅसेटवर मी सिनेमाची गाणी भरली, तेव्हा तुम्ही मारलं नाही. चुलीपाशी बसून एवढंच म्हणालात, "एकच होती थे, माय. चूक माहीच हाय. एकच काहून ठेवली म्या?" मग तुम्ही उरलेल्या सगळ्या कॅसेटींच्या नकला काढून पोडोपोडी घरांत वाटल्या.

तुम्ही गेल्यावर मी ती गाणी एका फुकटच्या वेबसाइटवर चढवली आणि निर्धास्त झाले. घरच्या कॅसेटींना बुरशी लागली, तिकडं पाहिलंही नाही. एके दिवशी वेबसाइटच्या मालकांनी ती बंद केली आणि सगळं गेलं. मग मी पोडांवर हिंडले. कुणाच्या पेटीत, कुणाच्या माळ्यावर तुमच्या नकला निघाल्या. बहुतेक वाजल्या.

आता ती गाणी एका जागी नाहीत. मी चालवते त्या वाचनालयासकट अकरा गावांतल्या संगणकांवर सगळा संच आहे. संगणक एकमेकांना थेट जोडलेले, मधे कुणी मालक नाही. प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीची खूण गुंफलेली असते, त्यामुळे एकानं काही बदललं किंवा पुसलं, तर बाकीचे दहा ते मानत नाहीत. मी हे सगळ्यांना अभिमानानं सांगायचे.

मागच्या आठवड्यात पोडावरची एक आजी वाचनालयात आली. तिच्या धाकट्या बहिणीचं मूल गेलं, तेव्हाचा त्या बहिणीचा आवाज तुम्ही टेप केला होता. आजी म्हणाली, "नातीच्या मोबाइलवर वाजून राह्यलं. थे गाणं नोहे, माह्या बहिणीचं रडणं हाय. काढून टाक."

"आजी, ते आता असं काढता येत नाही..." मी समजावू लागले.

"मंग ठेवाच्या आंधी इचारलं काहून नाही?"

तुम्ही तिच्या बहिणीला विचारलं होतं का, बाबा? मी तर कुणालाच विचारलं नव्हतं. मग तिच्यासमोर मी आमच्या संगणकावरून ती फाइल पुसली.

"गेलं?"

"गेलं, आजी."

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि बस गाठायला निघाली. चार वाजेपर्यंत बाकीच्या संगणकांनी ते गाणं आमच्याकडं परत भरून दिलं होतं. तिला सांगायला मी अजून गेलेली नाही.