आवाज होणार नाही

सोमवार, १५ जून

"उद्या आवाज होणार नाही," असं ह्युल्डामावशींना सांगून आलो. साहेबाला न विचारता!

गॅसच्या नळाचं काम निघालं की आसपासच्या घरांना आदल्या दिवशी कळवायचं, हे माझ्याकडे. दोन झडपांमधला गॅस आभाळात सोडून नळ रिकामा करायचा, ही इथली जुनी रीत. ती गर्जना अख्ख्या सपाटीवर ऐकू जाते. मागच्या खेपेला मावशींची घोडी बिथरून काटेरी तारेत शिरली होती. आता ती गाभण आहे, दिवस भरत आलेत. तिला भावाच्या शेतावर न्यायला मावशींनी गाडी बोलावली होती. मी म्हणालो, "नका हलवू. या खेपेला गॅस सोडणार नाहीत. चेलोने नवं यंत्र आणलंय."

"ते मला कळत नाही, गॅलन. आवाज होणार का? हो की नाही?"

"नाही."

गाडी परत गेली. आमच्या चर्चच्या मंडळीत शपथ घेत नाहीत. 'नाही' म्हटलं की नाही — तेवढंच.

मंगळवार, १६ जून

यंत्र सुरू झालं! चाकांवरचं आहे, ट्रकएवढं. बंद केलेल्या तुकड्यातला गॅस ओढतं आणि झडपेपलीकडच्या नळात ढकलतं. काही सांडत नाही.

कॉन्सुएलो बाएझा — आमच्या टोळीची प्रमुख, सगळे चेलो म्हणतात — भर उन्हात एकेका जोडापाशी आडवी होऊन बघत होती. मलाही तिने गळती टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून दाखवलं. नुसत्या डोळ्यांना काहीच नाही, आणि कॅमेऱ्यात धुराची बारीक शेपटी! "हा वर गेला की ऊन धरून ठेवतो, दादा. आधीच काय कमी तापतंय?" पान्याचा एक हिसका दिला. शेपटी गेली. प्रार्थनेत इतके एकाग्र झालेले लोक मी पाहिलेत. कामात क्वचित.

या नळाचा कारभार बघणारे ऑरिनसाहेब कंबरेवर हात ठेवून उभे. "चेलोबाई, तासाभराच्या कामाला दोन दिवस! स्ट्रॉने तळं पिताय का?"

"तळं तुमचंच आहे, साहेब. म्हणून सांडत नाही."

सगळे हसले. साहेब सोडून.

बुधवार, १७ जून

दुपारी यंत्र बंद पडलं. मॅग्नेटो जळाला — इंजिनाला ठिणगी देणारा भाग. नवा शुक्रवारी येणार.

साहेब म्हणाले, "उद्या दुपारी मी झडप उघडतो. शनिवारी पलीकडच्या गावांना गॅस पोचायला हवा. आणि ते यंत्र जिथून आणलंत तिथे पाठवा. पुन्हा माझ्या नळावर नको."

चेलो वाद घालत बसली नाही. जळका मॅग्नेटो हातात धरून दुकानांना फोन करत राहिली. गार्डन सिटी, लिबरल, पार विचिटा. कुठेच नाही.

मी मावशींकडे गेलो. त्या तबेल्यात होत्या. घोडी आडवी, अंग घामेजलेलं. मी म्हणालो, "मावशी, माझा शब्द खोटा ठरणार बहुतेक."

"आता तिला हलवता यायचं नाही," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग विचारलं, "मोडलंय तरी काय?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि झ्वीबाखचे दोन पाव फडक्यात बांधून दिले. न खाता परत आणले.

गुरुवार, १८ जून

सकाळी पोचलो तर यंत्र चालू!

"मॅग्नेटो कुठून आणलास?"

"दिला एकाने. विचारू नकोस, दादा. मी कबूल केलंय."

जुनाच होता, तेलकट, पण ठिणगी खणखणीत. दुपार व्हायच्या आत नळ जवळजवळ रिकामा झाला. तळाशी उरलेला थोडा गॅस चेलोने बंद भट्टीत जाळून टाकला. साहेबांनी नळातला दाब दाखवणाऱ्या काट्यावर बोटाने टकटक केलं. पुन्हा केलं. मग माझ्याकडे बघत — तिच्याकडे नाही! — म्हणाले, "राहू दे ते यंत्र इथेच."

चेलो ट्रकच्या पायरीवर बसली आणि डबा उघडून तमाले खायला लागली. कालपासून पहिल्यांदा खाताना पाहिलं तिला.

नळ कापायच्या आधी सगळी इंजिनं बंद केली. इतकी शांतता! गव्हावरून वारा जातो तो ऐकू आला. एरवी मावशींच्या शेतातल्या पाण्याच्या इंजिनाची धडधड असते, तीही नव्हती. इतकी वर्षं इथे आम्ही गर्जना करत आलो, आणि हे असं ऐकायचं राहून गेलं. टोपी काढून उभा राहिलो. कोणी विचारलं असतं तर म्हणालो असतो, घाम पुसतोय.

शुक्रवार, १९ जून

घोडीला शिंगरू झालं. तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. बघायला गेलो.

मावशींचा मका उभा होता, पण पानं सुरळ्या झालेली, वाऱ्यावर कागदासारखी वाजत होती. पाण्याच्या इंजिनाचं झाकण उघडं. चेलो आत वाकून तोच तेलकट मॅग्नेटो परत बसवत होती.

मी म्हणालो, "मावशी, एका घोडीसाठी एवढा मका…"

"घोडीचं सोड," त्या म्हणाल्या. "तू 'नाही' म्हणाला होतास ना!"