बाबांना चषक दाखवण्याचा निश्चय

२३ जानेवारी
जिंकलो! बत्तीस वर्षांनी आमच्या शहराचा संघ, पेलिकन, बेसबॉलचा विजेता. सामना राजधानीत, सांतो दोमिंगोला, पण आमच्या टीव्हीपुढे सगळी गल्ली. बाबा तेवढे अंगणात. त्यांनी पाहिलं की संघ हरतो, असं लोक मानतात. मी मानत नाही. मी घरातली पहिली पदवीधर, तीही समाजशास्त्राची. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात त्यांना बाहेर बसायला सांगितलं ते खोलीत हवा खेळती राहावी म्हणून.
आरडाओरडा ऐकून त्यांनी खिडकीतून विचारलं, "येऊ का आता?" कुणी ऐकलं नाही. मी ऐकलं. पण नाचत होते.

२४ जानेवारी
निश्चय: रविवारच्या मिरवणुकीत बाबांना सर्वांत पुढे उभं करायचं. चषक हाताच्या अंतरावर. सगळ्यांदेखत. बाबा म्हणाले, "नक्की ना, पोरी? लोक बोलतील." अंधश्रद्धेवर त्यांना बरंच समजावलं. ऐकता ऐकता बूट पुसत होते.

२५ जानेवारी
किराणा दुकानात शेजारच्या नुरिसबाई, गल्लीच्या दोन्या नुरिस, म्हणाल्या, "युदेल्का, रविवारी बापाला कोंडून ठेव गं बाई. पांढऱ्या पायाचा माणूस! चषकाचा ट्रकच बंद पडायचा." सडेतोड बोलणार होते. पण दुकानदार हसला, मग मीही थोडं हसले. सभ्यता म्हणून. उत्तर घरी येऊन तयार केलं. फार चांगलं झालंय.

२६ जानेवारी
किरकोळ बदल. तत्त्व तेच. बाबांनी औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर उभं राहावं. सावली आहे. "तिथून चषक दिसतो?" त्यांनी विचारलं. म्हटलं, ट्रक वळताना दिसेल. मी पुढे राहीन, समाजाच्या निरीक्षणासाठी.

२७ जानेवारी, दुपार
समुद्रकाठच्या रस्त्यावर अख्खं शहर पातेली बडवत होतं. राजधानीच्या हरलेल्या संघाची लुटुपुटीची शवपेटी खांद्यांवर, मागे काळ्या कपड्यांत दोन्या नुरिस ऊर बडवतायत. मग ट्रक आला. कोपऱ्यावर वळला आणि बाबांच्या पुढ्यातच बंद पडला. भसाभस धूर.
दोन्या नुरिस रडायच्या थांबल्या. "कुणी आणलं याला इथं?"
सगळे माझ्याकडे बघायला लागले. उत्तर तयार होतं. मी म्हणाले, "मला काय विचारता? मी तर घरीच थांबा म्हटलं होतं."
बाबांनी ऐकलं. चषकाकडे न बघताच गर्दीतून मागे निघून गेले. ते दिसेनासे झाले आणि ट्रक सुरू झाला.
दहा-बारा जणांनी धक्का मारला होता, म्हणून सुरू झाला. हे लिहून ठेवणं आवश्यक आहे.

२७ जानेवारी, संध्याकाळ
बाबांची माफी मागायचं ठरवून घरी आले. ते केळी तळत होते. तोंड उघडणार तोच दारात दोन्या नुरिस. बाबांना झाडायला लागल्या.
बाबा म्हणाले, "पोरीनं घरीच थांबायला सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही."
"शिकलेली मुलगी आहे, तिचं तरी ऐकावं माणसानं!" आणि माझ्या पाठीवर थाप मारून गेल्या.

बाबांनी जास्तीची केळी माझ्या ताटात वाढली. मी खाल्ली.