बुजऱ्या शिंगराची चाल

प्रिय एल्डन,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू दचकशील. नाताळच्या कार्डाखेरीज ताई लिहिते म्हणजे काहीतरी बिनसलं असणार, असं वाटेल. तसं नाही. बाबा जेवतात, भांडतात, मक्याच्या पावात मी साखर घालते म्हणून नावं ठेवतात. फेब्रुवारीतल्या अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवा हात तेवढा परत आला नाही. चमचा धरतात, फिडलचा गज धरवत नाही. हे तुला फोनवर सांगितलंच होतं. पुढचं फोनवर सांगता आलं नसतं.

मी बँजो शिकते आहे. एकसष्टाव्या वर्षी. हस खुशाल. आई गेल्यापासून तिचा बँजो नऊ वर्षं त्याच खिळ्याला होता. मे महिन्यात एका सकाळी बाबा म्हणाले, "व्हर्नी, तो काढ खाली." मला वाटलं, पुसायला सांगताहेत. पुसून पुन्हा टांगायला गेले तर म्हणाले, "टांगू नकोस. बस इथे. 'बुजरं शिंगरू' ही चाल शिकवतो तुला." मी म्हटलं, "बाबा, सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली मी. मला फक्त गिअर कळतात." तर म्हणाले, "मग निदान खड्डे तरी ओळखशील."

आईचा हात आठवतो ना? पंजासारखा आखडलेला. नखाने तार वरून खाली मारायची आणि मागोमाग अंगठ्याने ती आखूड तार हलकेच सोडायची. ती गप्पा मारता मारता वाजवायची, म्हणून मला ते सोपं वाटायचं. पहिला महिनाभर माझ्या हातून कोंबड्या हुसकावल्यासारखा आवाज निघत होता. दमट हवेत बँजोचं कातडं सैल पडलं, की तो शेगडीजवळ धरून बसायचं. बाबा समोर फिडल मांडीवर घेऊन बसत, गजाशिवाय. डाव्या हाताची बोटं मुकाट तारांवर पळायची, तोंडाने गुणगुण चालायची, आणि त्या बोटांकडे बघून मी चाल शोधायचे.

पहिला भाग जुलैत हातात बसला. दुसऱ्या भागात गाडी अडली. शेवटच्या वळणावर एक ठोका जास्तीचा आहे. मी दर वेळी तो गिळून पुढे जायचे आणि बाबा खुर्चीच्या हातावर टकटक करून मला मागे आणायचे. "घाई कसली? थांब तिथे. पाय खाली येऊ दे." मी विचारायचे, कोणाचा पाय? ते खिडकीबाहेर बघायचे. पलीकडच्या खोऱ्यातले लोक ही चाल सरळच वाजवतात, मी ऐकलंय. आपल्याच घरी ती अडखळते कशी, हे मला कळेना.

सप्टेंबरअखेरीस ओसरीवर वाळवायच्या शेंगा दोऱ्यात ओवत बसलो होतो, तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं. तू सहा वर्षांचा होतास. शनिवारी सगळे जमले की जमिनीवर टाकलेल्या फळीवर नाचायचास. त्या वळणावर तुझी गिरकी नेमकी मागे पडायची आणि मोठी माणसं हसायची. एकदा तू रडत फळीवरून उतरलास. पुढच्या शनिवारी आईने तिथे एक ठोका धरून ठेवला. बाबांना आधी काही न सांगता. "मी गज उचललेला तसाच ठेवला," बाबा म्हणाले, "आणि तुझ्या भावाचा पाय बरोब्बर खाली आला." पुढे तू चांगला नाचायला लागलास. पण आई-बाबांच्या हातातून तो ठोका काही गेला नाही. "तुझ्या आईला हे सुचलं होतं," ते म्हणाले. मग पुढची शेंग ओवायला घेतली.

दोघांच्याही मनात तोच दिवस असणार, ज्या दिवशी आम्ही तुझ्यासाठी थांबलो नाही. आईच्या दफनाबद्दल मी तुझ्याशी कधी बोलले नाही. तू ओहायोहून निघालास, घाटात बर्फाने रस्ता बंद झाला. पाद्रीबाबा म्हणाले होते, एक दिवस थांबू. बाबा म्हणाले, नाही, पोरांनी गोठलेल्या जमिनीत कुदळींनी खड्डा खणलाय, पुन्हा गोठेल. दुसऱ्या दिवशी तू आलास तेव्हा माती टाकून झाली होती. तू तिथूनच परत फिरलास, घरात पाऊलसुद्धा टाकलं नाहीस. तुला जे माहीत नाही ते हे, की तेव्हा मी बाबांच्या शेजारीच उभी होते. मी एक शब्द बोलले असते तर त्यांनी ऐकलं असतं. मला थंडी वाजत होती, मला ते सगळं संपायला हवं होतं. नऊ वर्षं मी तुला त्यांचा राग करू दिला, कारण त्यात माझा वाटा लपत होता.

काल दुपारी अख्खी चाल न चुकता वाजली, त्या जास्तीच्या ठोक्यासकट. शाबासकी मिळेल म्हणून मी वाट बघत होते. बाबा म्हणाले, "एल्डनला लिही." मी विचारलं, काय लिहू? "लिही, की त्या दिवशी मी थांबायला हवं होतं." मी म्हटलं, फोन लावून देते, तुम्हीच सांगा की. तर म्हणाले, "फोनवर मला रडू येईल, आणि ते त्याला ऐकू जाईल." त्यांचं ते एक वाक्य तुझ्यापर्यंत पोचवायचं होतं, बाकीचं मी माझ्या मनाने लिहिलं. खाली त्यांनी डाव्या हाताने 'बाबा' एवढं लिहिलं आहे. तीन कागद वाया घालवले, पण मला लिहू दिलं नाही.

तुझीच,
व्हर्नी

बाबा