गाळलेला अठरावा प्रोव्होस्ट

अण्णा,

काल टपालाने आलं ते असं: एक जुनं इंग्रजी पुस्तक, हिरव्या कापडी बांधणीचं, पाठीवरची सोनेरी अक्षरं पुसट झालेली. किंमत अठरा डॉलर, टपालखर्च बावीस. पुस्तकापेक्षा त्याचा प्रवास महाग पडला. तुमचंच पुस्तक आहे. म्हणजे तुमची प्रत नव्हे, पण तेच, स्कॉटलंडमधल्या त्या शहराच्या प्रोव्होस्टांचा इतिहास. आपल्याकडे नगराध्यक्ष तसे तिकडे प्रोव्होस्ट, हे तुम्ही अख्ख्या गावाला शिकवलंत. माझ्या लेकीने लॅपटॉपवर शोधून मागवलं. इथे परदेशात, बुकित बातोकच्या आमच्या ब्लॉकखालच्या पत्रपेटीत ते मावलं नाही, म्हणून पोस्टात जाऊन सही करून आणलं. लेकीने चाळून पाहिलं आणि इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावत म्हणाली, "आई, एक फोटोसुद्धा नाही लाह! चाळीस डॉलर, या मेलेल्या म्हाताऱ्यांसाठी? तू तर कोथिंबीर वीस सेंटने महागली तर दुसऱ्या मार्केटला जातेस." मी म्हटलं, "तुझ्या आजोबांची मित्रमंडळी आहेत ती."

आपल्या गावच्या मिशनच्या दवाखान्यातला स्कॉटिश डॉक्टर मायदेशी जाताना हे पुस्तक तुम्हाला देऊन गेला. दवाखान्याला नळ मिळावा म्हणून नगरपालिकेतल्या साध्या कारकुनाने, म्हणजे तुम्ही, त्याचे अर्ज आपल्या हाताने लिहून दिले होते, त्याची ती आठवण. तुम्ही डिक्शनरी मांडीवर घेऊन एकेक प्रोव्होस्ट मराठीत आणायला बसलात. जुन्या नोटिसांच्या पाठकोऱ्या बाजूवर तुमचा कच्चा खर्डा, आणि जाड वहीत माझी पक्की प्रत. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते, अक्षर बरं होतं. उतरवून झालं की खर्डा बंबात, ही आपल्या घरची रीत. कागद दोन्ही बाजूंनी संपला की त्याने पाणी तापवायचं. शनिवारी संध्याकाळी तुम्ही वाचनालयात एकेक प्रोव्होस्ट वाचून दाखवायचात. पंधरा-वीस माणसं यायची. कुणीतरी टोमणा मारायचंच, "अण्णा, तुमच्या साहेबांनी रस्ते केले, आमच्या नगराध्यक्षांना निदान खड्डे तरी मोजायला सांगा." तुम्ही हसायचात. तेव्हा तुमचा चेहरा काय उजळायचा!

अठरावा आला तो नवरात्रात. पहिलंच पान वाचलं तर हा गृहस्थ बिअरच्या भट्टीचा मालक. घरात घट बसलेले, देवीपुढे नंदादीप, आणि त्या उजेडात मी पिंपांची आणि आंबवणाची वर्णनं घोटीव अक्षरात काढायची? मी वहीत सतराव्यानंतर सरळ एकोणिसावा घेतला. सकाळी अठराव्याची पानं बाकीच्यांबरोबर बंबात गेली.

पुढच्या शनिवारी मी वाचनालयात बायकांच्या बाकावर बसले आहे. पहिल्या रांगेत खुद्द आपले नगराध्यक्ष. तुम्ही मुद्दाम घरी जाऊन बोलावणं केलं होतं त्यांना. तुम्ही वही उघडता, पान उलटता, मागे येता, पुन्हा उलटता. तुमच्याकडून इंग्रजी पुस्तक वाचायला नेलेले ते पेन्शनर मास्तर उठतात. "काय हो अण्णा, सतरा झाले आणि एकदम एकोणीस? अठरावा काय भिंतीवरून उडी मारून पळाला?" सगळे हसतात. नगराध्यक्ष घड्याळ बघतात. तुम्ही म्हणता, "राहिला असेल. माझीच चूक." घरी आल्यावर टोपी खुंटीला लावता लावता तुम्ही मला विचारलंत, "बाळ, अठरावा लिहिल्याचं मला चांगलं आठवतंय. तू उतरवला नाहीस का?" आणि मी, भाजी चिरत, मान वर न करता म्हणाले, "तुम्ही दिलंत तेवढं सगळं उतरवलं."

तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही फक्त "असं होय" म्हणालात. त्यानंतर तुम्ही कुलूप लावून दोनदा परत यायला लागलात. ऑफिसात सभेचं इतिवृत्त लिहायचं काम आपणहून दुसऱ्याकडे दिलंत, का तर "माझ्या डोक्याचा भरवसा नाही." एकोणिसावा कधी वाचलाच नाहीत. आई मला म्हणायची, "यांना एकाएकी काय झालं ग?" मी ताटं घ्यायला उठायचे. शेवटच्या दुखण्यातसुद्धा तुम्ही औषध घेतल्याची खूण म्हणून माझ्याकडून बोटाला दोरा बांधून घ्यायचात. डोकं तुमचं शाबूत होतं, अण्णा. शेवटपर्यंत शाबूत होतं. ते मला एकटीला माहीत होतं, आणि मी दोरा बांधत राहिले.

काल देवपूजा आटोपून मी अठरावा वाचला. इंग्रजी माझं मॅट्रिकपुरतंच, दुपार गेली त्यात. भट्टीला पाणी चांगलं लागतं म्हणून त्याला पाण्याची किंमत कळत होती. प्रोव्होस्ट झाल्यावर त्यानेच डोंगरातल्या तळ्यापासून नळ टाकून गरिबांच्या वस्तीत स्वच्छ पाणी आणलं. तेव्हा उमगलं की तुम्ही त्या शनिवारी नगराध्यक्षांना का बोलावलं होतंत.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की देवीचा मान राखला. ते खरं नाही. प्रकरण अकरा पानांचं होतं, माझी बोटं दुखत होती, आणि बाहेर मैत्रिणी भोंडल्याला हाका मारत होत्या. देवीचं नाव मी मागाहून लावलं.

हे पत्र टाकायचं कुठे? अठराव्याच्या पानातच घालून ठेवते. त्याला मराठीत आणायला आजपासून बसले आहे, पण तुमच्या खर्ड्याचं पहिलं पान सोडून मी पुढचं काही वाचलं नव्हतं. तुम्ही शेवट कसा केला होतात, तेवढं उलट टपाली कळवा.